हृदयाचा प्रतिध्वनी आणि आपले कर्तव्य

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्य सत्रात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रथम पूज्य महाराजसाहेबांना वंदन करतो. पन्नास वर्षांपूर्वी ज्या वडीलधाऱ्यांनी पै-पै गोळा करून हा ट्रस्ट उभा केला, त्यांतील बहुतेक आज आपल्यात नाहीत. त्यांचे स्मरण करून मी माझे चार शब्द आपणांपुढे ठेवतो.

आजचा विषय ऐकून अनेकांना आश्चर्य वाटले असेल. मलकापूरच्या पेठेत चाळीस वर्षे कापड मोजणाऱ्या माणसाने हृदयाच्या तपासणीवर काय बोलावे? माझे शिक्षण वाणिज्य शाखेच्या पदवीपर्यंतचे. मला धोतरजोडीचा पोत हाताने कळतो, हृदयाचे ठोके कळत नाहीत. तरीही संयोजकांकडे हा विषय मी स्वतः मागून घेतला. सुवर्णमहोत्सवी निधीतून शाहूवाडी तालुक्यासाठी हृदयाच्या तपासणीचे, म्हणजे आपण ज्याला ‘टू-डी इको’ म्हणतो त्याचे, यंत्र घ्यावे असा प्रस्ताव विश्वस्तांपुढे आहे. प्रस्ताव सद्भावनेचा आहे, मी त्याच्या विरोधात नाही. परंतु यंत्राच्या आधी ते चालविणारा हात तयार झाला पाहिजे आणि त्या हाताला रुग्णसेवेचे वळण असले पाहिजे, एवढे एकच म्हणणे मला मांडावयाचे आहे. ते का, हे सांगण्यासाठी घरातील एक गोष्ट उघड करावी लागते. जिची ती गोष्ट आहे ती पहिल्या रांगेत बसली आहे आणि तिच्या अनुमतीनेच मी बोलत आहे.

आमचा विवाह १९८४ साली झाला. सौभाग्यवतीला लहानपणी ताप येऊन गुडघे, घोटे, मनगटे सुजत असत. एक सांधा बरा झाला की दुसरा धरायचा. ‘वाढीचे दुखणे’ म्हणून घरच्यांनी ते सोडून दिले. १९८७ साली पहिल्या बाळंतपणात तिला धाप लागू लागली. रात्री उशाला तीन उशा घेतल्याशिवाय झोप येईना. दम्याची औषधे सुरू झाली आणि पुढे सहा वर्षे चालली. १९९३ साली कोणीतरी सुचविले म्हणून पुण्याला नेले, तेव्हा पहिल्यांदा इको झाला. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, जिला मायट्रल व्हॉल्व्ह म्हणतात, तिचे तोंड आकसले होते. निरोगी माणसात हे तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडते. हिचे एक चौरस सेंटिमीटरही उघडत नव्हते. लहानपणीचा तो सांधेताप हृदयावर आपली खूण ठेवून गेला होता. हा ताप सांध्यांना नुसता चाटतो आणि हृदयाला चावतो, अशी वैद्यकात जुनी म्हण आहे. ती आम्हांला तेव्हा समजली.

१९९४ साली मुंबईत फुग्याच्या साहाय्याने ती झडप रुंद करण्यात आली. छाती उघडावी लागली नाही. मांडीच्या शिरेतून नळी नेऊन झडपेत फुगा फुगविण्याची ही पद्धत इनोऊए नावाच्या जपानी शल्यचिकित्सकाने १९८४ साली प्रसिद्ध केली होती. दहा वर्षांत ती आमच्या उपयोगी पडली. घरी आल्यावर सौभाग्यवती पहिल्यांदा एका दमात माडीचा जिना चढली, तो दिवस मी विसरलेलो नाही.

आता चुकीची गोष्ट सांगतो. दरवर्षी इको करून झडप पाहावी, असे आम्हांला बजावून सांगितले होते. एका ठिकाणी, त्याचे नाव मी घेणार नाही, आम्ही तपासणीस गेलो. खोलीला पडदा नव्हता, दार अर्धे उघडे होते. ब्लाउज काढायला सांगितले, पांघरायला काही दिले नाही. तपासणी चालू असता दोन-तीन पुरुष काही कामासाठी आत-बाहेर करीत होते. तिच्याशी कोणी एक शब्द बोलले नाही. ती बाहेर आली आणि गाडीत बसेपर्यंत गप्प होती. त्यानंतर ‘मला बरे आहे’ असे म्हणून ती तपासणी टाळू लागली. मीही आग्रह धरला नाही. लग्नसराई, दिवाळी, वर्षअखेरीचा हिशेब अशी माझ्याजवळ कारणे होती आणि खरे सांगावयाचे तर ती मला सोयीची होती. २००१ ते २००५ अशी चार वर्षे तपासणी झाली नाही. तेवढ्या काळात झडप पुन्हा आकसली, नाडी अनियमित झाली, वरच्या कप्प्यात रक्त साकळले आणि त्यातली एक गुठळी मेंदूकडे गेली. २००५ च्या पावसाळ्यात तिचा उजवा हात लुळा पडला. आज तो उचलला जातो, पण सुई धरता येत नाही. वेळेवर इको झाला असता आणि नाडी पाहिली गेली असती, तर रक्त पातळ ठेवण्याची गोळी आधीच सुरू झाली असती. यंत्र त्या ठिकाणी होते आणि उत्तम होते. यंत्राच्या खोलीतून एक स्त्री अपमानित होऊन परत गेली, आणि तिच्या पतीने दुकान आधी पाहिले, म्हणून हे झाले.

या घटनेनंतर मला हा विषय समजून घ्यावासा वाटला. पुढे माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने याच क्षेत्राचे शिक्षण घेतले आणि तिच्यामुळे बरेच कळले. जे कळले ते माझ्या भाषेत सांगतो. चुकल्यास व्यासपीठावरील डॉक्टरांनी दुरुस्त करावे.

या तपासणीचा उगम स्वीडन देशातील लुंड गावचा. तेथे इंगे एडलर नावाचे हृदयतज्ज्ञ होते. मायट्रल झडपेच्या शस्त्रक्रिया तेव्हा नुकत्याच सुरू झाल्या होत्या; परंतु झडप आकसली आहे की गळते आहे, हे छाती उघडण्यापूर्वी खात्रीने सांगता येत नसे. त्यांनी हेल्मुट हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला विचारले. शेजारच्या माल्मो शहरातील जहाजबांधणीच्या कारखान्यात धातूमधील भेगा ध्वनिलहरींनी शोधण्याचे यंत्र होते. हर्ट्झ यांनी ते स्वतःच्या छातीला लावून पाहिले. पुढे सीमेन्स कंपनीकडून तसे यंत्र मिळाले आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी त्या दोघांनी हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद घेतली. म्हणजे जे दुखणे माझ्या घरात होते, तेच ओळखण्यासाठी ही विद्या जन्माला आली. आमच्या घरी ती पोहोचावयास चाळीस वर्षे लागली.

हे यंत्र करते काय? अंबा घाटात उभे राहून हाक मारली की समोरच्या कड्यावरून ती परत येते. हाक परत येण्यास जितका वेळ लागतो त्यावरून कडा किती दूर हे काढता येते. इकोमध्ये तेच होते. छातीवर ठेवलेल्या प्रोबमधून अतिशय सूक्ष्म ध्वनिलहरी आत जातात. आपल्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. या लहरींची कंपने सेकंदाला वीस ते पन्नास लाख. शरीरात त्या सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातात. पंधरा सेंटिमीटर आत जाऊन परत येण्यास त्यांना सेकंदाचा पाच हजारावा भाग पुरतो. अशा असंख्य हाका आणि त्यांचे असंख्य प्रतिध्वनी जुळवून पडद्यावर हलते चित्र उभे राहते. यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही, रक्त नाही.

परंतु या लहरींचे दोन शत्रू आहेत, हवा आणि हाड. प्रोब आणि त्वचा यांच्यामध्ये हवेचा पापुद्रा राहू नये म्हणून जेल लावतात. आणि हृदय तर फुप्फुसांच्या हवेत वेढलेले, वर बरगड्यांचा पिंजरा. म्हणून शिकणाऱ्याला प्रथम ‘खिडक्या’ शोधाव्या लागतात. छातीच्या मधल्या हाडाच्या डावीकडे तिसऱ्या-चौथ्या बरगडीखालची फट ही पहिली. हृदयाच्या टोकाचा ठोका जेथे जाणवतो ती दुसरी. बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात तिसरी आणि गळ्याच्या खळगीत चौथी. रुग्णाला डाव्या कुशीवर का वळवितात, हे मला पूर्वी माहीत नव्हते. त्या स्थितीत हृदय छातीच्या भिंतीजवळ येते आणि फुप्फुस थोडे बाजूला सरते. श्वास सोडून क्षणभर थांबावयास सांगतात तेही यासाठीच.

खिडकी सापडली तरी काम संपत नाही. काकडी उभी चिरली तर एक आकार दिसतो, आडवी चिरली तर दुसरा. हृदयही तसे उभे आणि आडवे कापून पाहावे लागते, अर्थात सुरीने नव्हे, लहरींच्या पात्याने. प्रोब थोडा फिरविला, थोडा कलला, की छेद बदलतो. तिरपा छेद घेतला तर निरोगी कप्पा आखूड दिसतो आणि आकसलेली झडप रुंद भासते. कापडाला ताण देऊन मोजले तर मीटर खोटा पडतो, हे आम्हां व्यापाऱ्यांना सांगावयास नको.

रंगीत चित्राबद्दल एक गैरसमज आहे. लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळे म्हणजे अशुद्ध, असे अनेकांना वाटते. तसे नाही. घाटातून एस.टी. आपल्याकडे येताना तिचा हॉर्न चढा ऐकू येतो आणि पुढे निघून गेल्यावर उतरतो. ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने लहरींचा हा नियम १८४२ साली मांडला. त्यावरून यंत्र ओळखते की रक्त प्रोबकडे येत आहे की दूर जात आहे. येणाऱ्याला सामान्यतः लाल आणि जाणाऱ्याला निळा रंग दिला जातो, इतकेच. रक्ताचा वेग कळला की झडपेच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरक काढता येतो: वेगाचा वर्ग करून चारने गुणायचे. वेग सेकंदाला दोन मीटर असेल तर फरक सोळा मिलिमीटर. मात्र प्रोब प्रवाहाच्या रेषेत हवा. तो आडवा धरला तर वेग कमी भरतो आणि गंभीर रुग्ण किरकोळ ठरतो.

रिपोर्टमध्ये ‘ई.एफ.’ असा आकडा असतो आणि तो पाहून घरोघरी घबराट होते. वाणिज्य शाखेच्या माणसाला तो सोपा आहे. डावा खालचा कप्पा भरतो तेव्हा त्यात समजा १२० मिलिलिटर रक्त आहे, हा सुरुवातीचा माल. ठोक्यानंतर ५० उरले, ही अखेरची शिल्लक. ७० बाहेर गेले, ही विक्री. १२० पैकी ७० म्हणजे सुमारे ५८ टक्के. साधारणतः ५५ ते ७० टक्के हा आकडा चांगला समजतात. शंभर टक्के माल कोणाचेच हृदय विकत नाही, हे लक्षात ठेवावे. आणि हा एक आकडा म्हणजे संपूर्ण ताळेबंद नव्हे. माझ्या सौभाग्यवतीचा ई.एफ. नेहमीच उत्तम होता. बिघाड झडपेत होता.

पुतणीच्या शिक्षणाबद्दल सांगतो. बारावी शास्त्र शाखेनंतर तीन वर्षे अभ्यासक्रम आणि एक वर्ष आंतरवासिता, असे तिचे शिक्षण झाले. तिच्या तुकडीला सरावासाठी निरोगी माणसे हवी होती, म्हणून एकदा मी स्वतः टेबलावर पडलो. छातीला ई.सी.जी.च्या तीन पट्ट्या चिकटविल्या. एका विद्यार्थ्याने प्रोब माझ्या बरगडीवर इतका दाबला की डोळ्यांत पाणी आले, आणि पडद्यावर मात्र नुसते धुके. त्याचे लक्ष पडद्यावरून हलत नव्हते. शिकविणाऱ्या बाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “काकांच्या चेहऱ्याकडे बघ.” त्याने पाहिले, हात सैल केला, माफी मागितली. दाब कमी होताच प्रोब फटीत बसला आणि माझ्या हृदयाच्या झडपा पडद्यावर उघडू-मिटू लागल्या. साठीच्या घरातील माणूस मी, पण क्षणभर बोलता आले नाही.

घरी आल्यावर पुतणी म्हणाली, “काका, प्रोब धरायला आम्हांला काही महिने लागले. पण रुग्णाला आत बोलावून झोपवायचे कसे, हे बाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवले.” तिने सांगितलेली यादी मी लिहून घेतली. रुग्णाचे नाव विचारून रिपोर्टच्या नावाशी ताडून पाहणे. आपण कोण आणि आता काय करणार हे सांगणे. दार लावणे, पडदा ओढणे, स्त्री रुग्णाजवळ स्त्री सहायक असणे. जितका भाग तपासायचा तितकाच उघडा ठेवणे. जेल थंड लागेल असे आधी सांगणे, शक्य तर ते कोमट करणे. ज्याला आडवे पडताच धाप लागते त्याला उशी देऊन टेकवून बसविणे. शेवटी जेल पुसून द्यावयास विसरू नये आणि प्रोब प्रत्येक रुग्णानंतर स्वच्छ करावा. आणि सर्वांत कठीण म्हणजे चेहरा. पडद्यावर वाईट दिसले तरी तोंडावर ते उमटू देऊ नये, आणि ‘काही नाही हो’ असे खोटेही बोलू नये. ‘चित्रे डॉक्टर पाहतील आणि तेच आपणांस समजावून सांगतील’ हे उत्तर खरे आहे आणि धीराचेही आहे.

यांतील कोणतीच गोष्ट विकत घ्यावी लागत नाही. १८१६ साली फ्रान्समध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरांना एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणे प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी कागदाची सुरळी करून ठोके ऐकले. त्यातूनच स्टेथोस्कोप आला. रुग्णाचा संकोच जपण्याची ही परंपरा आहे. ती मोडणाऱ्याला यंत्र चालविता येते असे मी म्हणणार नाही.

आपल्या समाजापुरती एक गोष्ट. पर्युषणात अनेक जण तपासणी पुढे ढकलतात. साध्या इकोला काही खावे-प्यावे लागत नाही आणि त्याने उपवास मोडत नाही. अन्ननलिकेतून नळी घालून करावयाचा इको वेगळा. त्याला काही तास पोट रिकामे लागते. मात्र रक्त पातळ ठेवण्याची किंवा हृदयाची गोळी अठ्ठाई अथवा चौविहारासाठी परस्पर बंद करू नये. आधी डॉक्टरांना विचारावे आणि त्यांचे उत्तर महाराजसाहेबांच्या कानी घालावे.

आता प्रस्तावाकडे येतो. ध्वनिलहरींचे यंत्र शिलाई यंत्रासारखे आणून ठेवता येत नाही. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यान्वये अशा यंत्राच्या जागेची नोंदणी लागते, आणि नोंदणी नसलेल्या ठिकाणी यंत्र विकताही येत नाही. हा कायदा जाचक नाही. ज्या लहरीने हृदयाचे दुखणे सापडते त्याच लहरीचा उपयोग करून आपल्या जिल्ह्यात मुली जन्माआधी मारल्या गेल्या. २०१० च्या सुमारास तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या पुढाकाराने कोल्हापुरात सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडण्याची मोहीम झाली, ती अनेकांना आठवत असेल. अहिंसा यंत्रात नसते, ते धरणाऱ्या हातात असते. शिवाय अंतिम अहवाल तज्ज्ञ डॉक्टरांनीच द्यावयाचा. तज्ज्ञ नसेल तर यंत्र कपाटात राहील आणि आपल्या नावाची पाटी तेवढी चकचकीत राहील.

यास्तव माझी सूचना अशी. निधीच्या व्याजातून दरवर्षी तालुक्यातील दोन विद्यार्थ्यांच्या हृदयतंत्रज्ञान शिक्षणाचा भार ट्रस्टने उचलावा. जातीधर्माची अट नसावी, मुलींना प्राधान्य असावे. दुसरे, महिन्यातून एकदा गाडी करून गरजू रुग्णांना कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात न्यावे. रस्ता ४५ किलोमीटरच्या आसपास, पण धनगरवाड्यावरून येणाऱ्या म्हातारीला तो मुंबईइतका लांब आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी होते आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या शस्त्रक्रियाही आहेत. योजना आहेत, कागद भरून देणारा आणि सोबत जाणारा माणूस कमी आहे. ते काम आपले तरुण करू शकतील. तिसरे, ज्यांना सांधेतापानंतर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सांगितले आहे, त्यांची वही ठेवावी. उधारीची वही आपण चुकवीत नाही, ही का चुकवावी? हे सारे मार्गी लागले आणि तज्ज्ञ येण्यास तयार झाले, की यंत्र अवश्य घ्यावे. माझी देणगी त्यासाठी राखून ठेवतो.

पालकांना एवढेच सांगतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला घसा दुखून ताप आला तर डॉक्टरांना दाखवा आणि औषधाचा क्रम पूर्ण करा. ताप येऊन सांधे एकामागून एक सुजत असतील तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडू नका. आमच्या घराने ते सोडले होते.

आणि एक लहान गोष्ट माझ्या दुकानातर्फे. मऊ सुती कापडाचे, पुढून उघडणारे आणि बंदांनी बांधता येणारे गाऊन आम्ही शिवून घेतले आहेत. त्यांचे माप सौभाग्यवतीने ठरविले. बंद डाव्या हाताने एकटीला बांधता आले पाहिजेत, असा तिचा आग्रह होता. तिसऱ्या नमुन्याला तिने होकार दिला. जिथे इकोची तपासणी होते अशा कोणत्याही रुग्णालयाने मागितल्यास ते विनामूल्य देऊ.

बोलण्यात काही न्यून-अधिक झाले असल्यास, कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.